चाळीस दिवसांची खारी पेज

झारिया, जुनं गाव
गुरुवार, दुपारची नमाज झाल्यावर

प्रिय…,

पुढची जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे. तिथं काय यायला हवं ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. सकाळपासून तीन कागद फुकट घालवले, पण हात तिथं वळेना. पत्र संपेपर्यंत जमलं तर भरीन. बिल्की मघापासून डोकं खाते आहे, "एवढं काय लिहितेस आई? फोन कर की सरळ!" धाकटी लेक ती, तिला सगळंच सरळ वाटतं. आपण दोघी फोनवर काय बोलतो ते तिला कुठं माहीत? उजाडलं का, घरची मंडळी बरी का, दगदग फार नाही ना, नाझीफ कसा आहे, अल्लाची कृपा, आणि ठेवला फोन. पाच-पाच मिनिटं आपण एकमेकींची खुशाली विचारतो आणि दोघींपैकी एकही काही सांगत नाही. म्हणून पोक्त बायकांच्या मदरशात शिकलेली ही अक्षरं आज कामाला लावली आहेत. ओळी चढावर निघाल्यासारख्या दिसतील, हसू नकोस.

शनिवारी बिल्की तुझ्याकडून, कानोहून, परतली ती दारातूनच ओरडत आली. "आई, ताईनं निरोप दिलाय! म्हणाली, लादिदीला सांग, सण झाला की दंडातली काडी काढून घेणार आहे. नाझीफला भाऊ हवाय म्हणावं. मोठं पातेलं आत्तापासून घासून ठेव!" ओसरीवर तुझे वडील 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणाले. डेलूआत्या दातवण चघळत बसली होती. ती म्हणाली, "पातेल्याचं राहू दे, आधी जावयाला लाकडं गोळा करायला सांगा. या खेपेला दोन ट्रक हवेत." सगळे हसले. मी पीठ चाळत होते. चाळणी हलत राहिली आणि मीही हसले. दिवस राहू नयेत म्हणून इस्पितळात तुझ्या दंडात ती काडी बसवली तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. ती काढणार हे ऐकल्यापासून आज पाच दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नाही. का, ते सांगायचं तर मागचं बरंच काही सांगावं लागेल. मला ते कबूल करायचं आहे, म्हणून पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तू माझं पहिलं मूल, आणि वर तुझ्या वडिलांनी तुला सासूबाईंचं नाव ठेवलं. म्हणजे दुहेरी कुलूप. सून सासूचं नाव घेत नाही आणि आई पहिल्या लेकराचं नाव घेत नाही, त्याला जवळ घेऊन चारचौघांत मुका घेत नाही, ते रडलं तर पहिली धावत नाही. आपल्यात भिडेची बाई ती चांगली बाई. मी फार चांगली बाई होते. तुझं दूध तुटलं त्या दिवशी आजी रीतीप्रमाणे पहिलं नातवंड वाढवायला तुला पाठीशी बांधून आपल्या घरी न्यायला आली, तेव्हा मी अंगणात बाजरी कांडत होते. वाड्यातल्या साऱ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी मान वर केली नाही. डेलूआत्या नंतर म्हणाली, "शाब्बास गं! मुसळाचा एक ठोका चुकला नाही तुझा." ती शाबासकी मी किती वर्षं मिरवली! पण त्या दिवशी नुसती सडायची होती ती बाजरी मी पार पीठ होईपर्यंत कांडत राहिले होते, हे कुणी पाहिलं नाही.

आजीच्या घरी मला सगळे लादिदी म्हणत, म्हणून तूही लादिदीच म्हणायला लागलीस. सात वर्षांची असताना तू डेलूआत्याला विचारलंस, "लादिदीला माझं नाव येत नाही का?" आत्यानं ते गल्लीभर सांगितलं, गंमत म्हणून. मीही हसले होते गं. नंतर न्हाणीत जाऊन पाण्याचा तांब्या उगीच दोनदा भरला आणि ओतला. बिल्की झाली तेव्हा भीड संपली होती, तिला मी मांडीवर घेतलं, ओरडले, मारलं, लाडही केले. तू शुक्रवारी यायचीस आणि दाराशी उभी राहून ते बघायचीस. तुझे ते डोळे मला आठवतात.

म्हणून तू सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माझ्या घरी आलीस तेव्हा मला काय झालं होतं ते कोणाला सांगता आलं नाही. वीस वर्षांनी तू माझ्या छपराखाली झोपणार होतीस! जावयांनी लाकडांचा ट्रक पाठवला. रास भिंतीच्या वर गेली, येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. समोरची म्हातारी म्हणालीसुद्धा, "लादिदी, पोरीला न्हाऊ घालणार आहेस की गाव जाळणार आहेस?" मी वरवर लाजले आणि आतून फुगले. बाळंतपण दवाखान्यात झालं, सुखरूप झालं, नाझीफ रडला, तू हसलीस. सातव्या दिवशी बारशाला मेंढा कापला. बाळ बाहेर आलं म्हणजे बाईवरचं संकट टळलं, असंच आपण समजतो. त्यानंतर भीती राहते ती एकाच गोष्टीची, थंडीची.

आणि थंडीची भीती मला जरा जास्तच होती. माझी थोरली बहीण तबावा तू पाहिली नाहीस. तिच्या तिसऱ्या बाळंतपणानंतर पस्तिसाव्या दिवशी ती गेली. पाय हांड्यासारखे सुजले होते, खोकला होता, बसल्या बसल्या गेली. "थंडी शिरली," सगळ्या म्हणाल्या, "लाकडं कमी पडली." तिच्या नवऱ्याला त्या साली लाकडं परवडली नव्हती, हे खरंच होतं. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मनाशी ठरवलं होतं की माझ्या घरी लाकडं कधी कमी पडणार नाहीत.

तुझे ते दिवस आठव. कोरडा वारा सुटला होता, ओठ फुटत होते. पहाटे आणि संध्याकाळी डेलूआत्या, आपल्याकडच्या साऱ्या बाळंतिणी तिच्याच हातच्या, उकळतं पाणी आणि कडुनिंबाच्या डहाळ्यांची जुडी घेऊन तुझ्याकडे यायची, सपासप पाणी मारायची, तू ओरडलीस की म्हणायची, "ओरड, ओरड, थंडी ओरडण्यातूनच निघते!" मग मातीच्या ओट्यावर तुला निजवायचं, खाली विस्तव. पहिल्या लेकराची आई, मी काही त्या खोलीत येत नव्हते. मी चुलीशी. पेज माझी. बाजरी, मिरी, आणि चाडच्या तळ्याकडून येणारा तो करडा खार, कान्वा. वाडगाभर सकाळी, वाडगाभर दुपारी, संध्याकाळी दोन. पहिल्या दिवशी आत्यानं चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. "ही काय पाहुण्यांची पेज? खार घाल, खार! बाळंतिणीच्या रक्तात ऊब जायला हवी." दुसऱ्या दिवसापासून मी मूठभर जास्त घालायला लागले. तुला कधी जवळ घेतलं नव्हतं, नावानं हाक मारली नव्हती. ते सगळं मी त्या वाडग्यात घालत होते, आणि बिल्कीच्या हाती आत पाठवत होते. वाडगा रिकामा परत आला की मला इतकं बरं वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात तुझं अंग भरायला लागलं. भरायला लागलं असं आम्ही म्हणायचो. पाय भरले, बोटं भरली, तोंड गोल झालं, बांगड्या रुतायला लागल्या. बायका बघायला यायच्या. "लादिदीच्या हाताला काय चव आहे बघा! आली होती काडी, झाली म्हैस!" "जावई ओळखायचा नाही आता." आणि मी, जिनं तुझ्याबद्दल चारचौघांत कधी ब्र काढला नव्हता, ती मी दारात उभी राहून ते ऐकायची. दोनदा ऐकता यावं म्हणून "छे, कुठं भरलीय?" असंही म्हणायची. तुझ्या पोटरीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो, हे मी पाहिलं होतं. तू दुपारी झोपली असताना एकदा गुपचूप आत आले होते. चोरून. तुझ्या पायाला हात लावायला मिळाला म्हणूनच मी हरखले, खळग्याचा विचार मी केला नाही.

मग तू निजेनाशी झालीस. भर दुपारी भिंतीला टेकून बसायचीस, बाळ मांडीवर, तोंड उघडं. बिल्की निरोप घेऊन आली, "ताई म्हणते, आडवं पडलं की विहिरीत पडल्यासारखं होतं. आजची पेज नको म्हणते." मी आत येऊन तुला विचारायला हवं होतं. दहा पावलांवर होतीस. मी आत्याकडे बघितलं, आत्या म्हणाली, "थंडी!" आणि माझ्या डोळ्यांपुढे तबावा आली. मी पेज आणखी घट्ट केली, चुलीत आणखी दोन लाकडं सारली आणि निरोप पाठवला की सगळी संपव, लादिदीनं सांगितलंय. तू संपवलीस. तू कधीच माझं सांगणं मोडलं नाहीस, कारण मी तुला कधी काही सांगितलंच नव्हतं.

एकतिसाव्या दिवशी न्हाणं झाल्यावर तू उठलीच नाहीस. तुझ्या वडिलांनी शेजाऱ्याची गाडी आणली. मोठ्या इस्पितळात त्या दक्षिणेकडच्या डॉक्टरीणबाई होत्या, आपली भाषा मोडकीतोडकी बोलणाऱ्या. तुझ्या छातीला नळी लावून ऐकलं आणि मला म्हणाल्या, "हृदय दमलं. पाणी साचलं. ही चरबी नाही आई, हे पाणी. मीठ नको, एक कण नको. काय खायला देता?" मी म्हटलं, "सगळ्यांच्या घरी असतं तेच." त्यांनी पुन्हा विचारलं, "पेज?" मी म्हटलं, "थोडीशी." हे माझं पहिलं खोटं.

दुसरं त्याहून वाईट आहे, आणि ते तुला अजून ठाऊक नाही. तू अजूनही सांगतेस ना, त्या सुईवाल्या नर्सनं मला मारलंच असतं म्हणून? नाझीफच्या वाढदिवसाला सगळ्या बायकांना सांगितलंस, आणि मी शेजारी बसून मान डोलावली. त्या नर्सचा काही दोष नव्हता. चाळिसाला नऊ दिवस कमी होते. आत्या म्हणाली, मधेच तोडलं तर थंडी जन्मभर हाडात बसते, डॉक्टरांना काय कळतं बाळंतपणातलं. मी थर्मासात पेज भरून, फडक्यात गुंडाळून आणत होते आणि बिल्कीकरवी तुला पाजत होते, मीठ बंद आहे हे तुम्हा दोघींना न सांगता. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सनं सुई दिली आणि घटकाभरात तुझे ओठ निळे पडले. तुझे वडील आणि तुझा दीर त्या पोरीवर तुटून पडले, "काय टोचलंस? कसलं विष टोचलंस?" ती भिंतीशी उभी राहून रडत होती. थर्मास माझ्या पायाशी होता. मी तो टाचेनं खाटेखाली सारला.

डॉक्टरीणबाईंना तो सापडला. झाकण काढून वास घेतला, बोटानं चव घेतली, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता साऱ्या वॉर्डासमोर माझी शोभा होणार. त्यांनी मोरीत पेज ओतली, थर्मास स्वतःच्या हातानं विसळला आणि माझ्या हातात दिला. नंतर एकदा मी विचारलं, माझ्या पेजेनंच झालं का हे? त्या म्हणाल्या, "हे दुखणं का होतं ते आम्हालाही नीट माहीत नाही. पेज न खाणाऱ्या बायकांनाही होतं. पण दमलेल्या बैलावर तुम्ही आणखी पोती टाकली." त्यांनी मला सोडलं, तसं मी स्वतःला सोडू शकत नाही.

काल मी डेलूआत्याला सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, उलटी माझ्यावरच घसरेल. तिनं तोंडातलं दातवण काढून बाजूला ठेवलं. मग विचारलं, "तबावाला पण हेच होतं का गं? तिला मीच न्हाऊ घातलं होतं." मी म्हटलं, "कोण जाणे." तिनं आज सकाळी पेज घेतली नाही. नुसता चहा घेतला.

आता मुख्य गोष्ट. तुला घरी सोडलं त्या दिवशी, नर्स आत तुझ्या दंडात काडी बसवत असताना, डॉक्टरीणबाई माझ्या बाकावर येऊन बसल्या. तू तोवर धड बोलूही शकत नव्हतीस आणि जावई औषधं आणायला गेले होते. त्यांनी माझा हात धरला आणि एकेक शब्द वेचून म्हणाल्या, "आई, हे तिला आणि तिच्या नवऱ्याला तुम्ही सांगायचं. सहा महिन्यांनी हृदयाची तपासणी. त्याआधी काडी काढायची नाही. तपासणी चांगली आली तरी पुढचं बाळ धोक्याचं. चांगली नाही आली आणि दिवस राहिले, तर ती वाचेल असं मी म्हणू शकत नाही." मी मान हलवली. घरी येऊन म्हटलं, डॉक्टरीण म्हणते सगळं छान आहे, काडी आहे ती दोन वर्षांच्या विश्रांतीसाठी. सहा महिन्यांनी तू ठणठणीत दिसत होतीस, मी म्हटलं, कशाला त्या रांगेत उभं राहायचं? तू माझं ऐकलंस. का सांगितलं नाही, त्याची कारणं मी मनात घोळवून ठेवली होती. पहिल्या लेकीशी नवऱ्याबायकोच्या गोष्टी कशा बोलायच्या? तुझ्या सासरी कळलं तर दुसरी आणतील, म्हणून. ही कारणं खोटी नाहीत, पण खरं कारण वेगळंच होतं. हे सांगितलं असतं तर पेज निघाली असती, थर्मास निघाला असता, आणि लादिदीच्या हाताची चव साऱ्या गल्लीला कळली असती. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेनं तुझा जीव भिकेला लावला आहे, आणि तरी दोन वर्षं मी पोटभर जेवले. पातेलं मी घासलेलं नाही. न्हाणीमागं पालथं घातलं आहे, कोंबड्या त्यावर बसतात. बिल्की उद्या पहाटेच्या गाडीनं हे पत्र घेऊन येते आहे, आणि परवा मी स्वतः येते. तुला धरून आधी तपासणीला नेईन, मग तुझ्या ओसरीवर जावयांच्या समोर बसेन आणि हे सगळं त्यांना माझ्या तोंडानं सांगेन. सासू जावयाच्या समोर बसत नाही हे मला कोणी शिकवायला नको, बसणार आहे. त्यानंतर तू माझं तोंड बघायचं नाही म्हणालीस, तर तेही बरोबर होईल. तपासणीत काय निघेल ते अल्ला जाणे, पुढचं तुम्ही दोघं आणि डॉक्टर मिळून ठरवा, मी मधे येणार नाही. वरची मोकळी जागा भरायला गेले तर आता धीर सुटेल, म्हणून इथंच लिहिते. हन्नातू. येतं गं मला तुझं नाव. रोज बाजरी कांडताना, पाणी भरताना, नमाजेत, मनात घेतच आले आहे. हन्नातू, माझ्या बाळा, मी येईपर्यंत त्या काडीला कुणाला हात लावू देऊ नकोस.

तुझीच आई,
लादिदी